न मागितलेली पेन्शन

पत्र ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी आलं. चौदा नोव्हेंबरला तुम्हाला सहासष्ट वर्षं पूर्ण होतात, तेव्हा सरकारी पेन्शन हवी असल्यास मागणी करा, असं त्यात लिहिलं होतं. मागणी केली नाही तर काय, तेही खाली होतं. पेन्शन आपोआप सुरू होत नाही. मागितली नाही तर तुम्ही थांबला आहात असं धरतात, आणि थांबलेल्या दर नऊ आठवड्यांमागे ती एक टक्क्याने वाढते. मग जेव्हा मागाल तेव्हापासून मरेपर्यंत तेवढी जास्त मिळत राहते.

मी पत्र दोनदा वाचलं. माल्कम खिडकीशी त्याच्या खुर्चीत बसला होता. खुर्चीमागे ऑक्सिजनचं यंत्र गुरगुरत होतं आणि त्याची पारदर्शक नळी गालिच्यावरून त्याच्या नाकापर्यंत गेली होती.

"आलं वाटतं सरकारचं प्रेमपत्र," तो म्हणाला.

"आलं."

"लगेच घेऊन टाक. साठीला देतो म्हणाले होते, सहासष्टपर्यंत लटकवलं तुम्हा बायकांना. आता एक दिवस जास्त देऊ नकोस त्यांना."

"आणि तू? तुझी दीड वर्षापासून पडून आहे."

"माझं वेगळं आहे. माझी मुरू दे."

हे तो नेहमीच म्हणायचा आणि मी ते नेहमीच सोडून द्यायची. त्याला फॉर्म भरायचा कंटाळा आहे, अशी माझी समजूत होती. तो नगरपालिकेत सुतार होता. घरांची दारं, जिने, खिडक्या. तिथली पेन्शन त्याला मिळत होती, आणि मी आठवड्यातले तीन दिवस पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासायला प्रयोगशाळेत जात होते. ओढाताण नव्हती. शिवाय मागच्या वर्षी त्याची सहासष्टी झाली, त्याच महिन्यात डॉक्टरीण बाईंनी त्याच्या आजाराचं नाव सांगितलं. फुफ्फुसं आतून घट्ट होत जातात, का ते कुणाला माहीत नाही. तीन ते पाच वर्षं, असं त्या म्हणाल्या, आणि मग घाईघाईने 'ही सरासरी आहे' असंही म्हणाल्या. सरासरी म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दिवसांत पेन्शनच्या फॉर्मचा विचार कोण करणार?

पण आता पत्र माझ्या नावाचं होतं, म्हणून मी पाकिटाच्या मागे गणित मांडलं. एक वर्ष थांबलं तर एक वर्षाची पेन्शन जाते, आणि पुढे दर वर्षी सहा टक्क्यांहून जरा कमी वाढ मिळते. गेलेलं भरून निघायला सतरा वर्षं लागतात.

सतरा. मी पेन्सिल खाली ठेवली.

"माल्कम, तू थांबून काय मिळवतोयस?"

"मी?"

"हो, तूच. सतरा वर्षं लागतात भरून निघायला."

त्याने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या घराच्या भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

"ती माझ्यासाठी नाहीच गं," तो म्हणाला. "डगने दोन वर्षं थांबवली होती ना? तो गेला आणि ती वाढ त्याच्या आयरीनला लागली. अजून मिळते तिला. मी म्हटलं, आपल्याकडून तुला तेवढं तरी राहील. घर काय, निम्मं तुझंच आहे. बाकी माझ्याकडे आहे काय? रंधे आणि करवती."

मी काहीतरी बोलले. काय, ते आठवत नाही. चहा ठेवते असं काहीतरी.

त्या दुपारी मी सगळे नियम वाचून काढले. सरकारने ते स्वच्छ भाषेत लिहिलेले आहेत, त्यात संदिग्ध काही नाही. ज्यांचं पेन्शनचं वय एप्रिल दोन हजार सोळाच्या आधी पूर्ण झालं, त्यांनी थांबून मिळवलेली वाढ नवऱ्यामागे बायकोला किंवा बायकोमागे नवऱ्याला मिळू शकते. ज्यांचं त्यानंतर पूर्ण झालं, त्यांची वाढ त्यांच्याबरोबर संपते. डग आधीचा होता. माल्कम आठ वर्षांनी चुकला होता.

आणखी दोन गोष्टी होत्या. माणूस पेन्शन न मागता गेला, तर मागच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांची घरच्यांना मिळते. आणि जिवंत माणसाने उशिरा मागितली, तर त्याला मागचे बारा महिने एकरकमी घेता येतात, पण बाराच. माल्कमचे एकोणीस होऊन गेले होते. म्हणजे आता उगवणारा प्रत्येक आठवडा मागच्या टोकाचा एक आठवडा कापत होता.

आमच्या प्रयोगशाळेत अहवालावर आम्ही कधी शून्य लिहीत नाही. 'मोजता येण्याइतकं आढळलं नाही' असं लिहितो, कारण शून्याची खात्री कुणालाच देता येत नाही. इथे मात्र शून्यच होतं.

सांगायला हवं, हे मला पाच मिनिटांत कळलं. सांगणं मात्र एकोणीस दिवस जमलं नाही.

मी एका जागी बसेनाशी झाले. भांडी धुऊन पुसून ठेवायची आणि मग कपाटातून काढून पुन्हा धुवायची. जिन्यावरून वर जायची आणि कशासाठी आले ते विसरून खाली यायची. प्रयोगशाळेत एक दिवस मी एकाच नमुन्यातला क्लोरीन तीनदा मोजला, आणि तिन्ही वेळा सारखंच उत्तर आलं याचा मला राग आला. घरी आल्यावर रोज ठरवायची, चहा झाला की सांगू. चहा व्हायचा. तो कपावरून माझ्याकडे बघून म्हणायचा, "काय गं, काही बोलायचंय का?" आणि मी म्हणायची, "नाही, बिस्किटं संपलीत."

त्याच आठवड्यात मी सुतळी आणायला मळ्यावर गेले. नगरपालिकेच्या जमिनीवर रेल्वेरुळांच्या बाजूला आमचा एक भाड्याचा तुकडा आहे. माल्कम तिथे लीक लावतो, कांद्याच्या जातीची लांब दांड्याची भाजी. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या आमच्या ब्लाइदमध्ये पुरुष माणसं लीकवर जीव टाकतात. मनगटाएवढी जाड, पांढरीशुभ्र, वर हिरव्या पात्यांचा पंखा. सप्टेंबरात क्लबच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन भरतं आणि परीक्षक ती फुटपट्टीने मोजून नंबर काढतात. यंदा खणायचं काम शेजारच्या तुकड्यावरच्या विल्फने केलं होतं. माल्कम नुसता खुर्ची टाकून हुकूम सोडत होता.

तिथल्या खोपटाचं दार मी आतून ओढून घेतलं, तेव्हा फळीवर पेन्सिलच्या खुणा दिसल्या. सुतार मापासाठी मारतात तशा बारीक, सरळ, एकाखाली एक. नऊ होत्या. प्रत्येकीच्या शेजारी तारीख. पहिल्या दोन तारखांमधलं अंतर मी मोजलं. त्रेसष्ट दिवस, म्हणजे नऊ आठवडे.

मी सुतळी न घेताच परत आले.

यंदाचं प्रदर्शन तेरा सप्टेंबरला होतं. मी माल्कमला चाकाच्या खुर्चीतून हॉलमध्ये नेलं, मांडीवर छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर. लांब टेबलांवर पांढरी कापडं अंथरली होती आणि त्यांवर तीन-तीनच्या ओळींनी लीक निजवली होती. विल्फ आमच्या लीकशेजारी पहारेकऱ्यासारखा उभा होता. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण त्या दिवशी टाय बांधून आला होता.

"दुसरा!" तो लांबूनच ओरडला. "दुसरा नंबर आलाय, आळशा! एक फावडं हातात धरलं नाहीस, आणि बक्षीस कुणाच्या नावावर? तुझ्या!"

"डोकं माझं होतं," माल्कम म्हणाला. "तुझे फक्त हात."

"माझी कंबर कोण मोजणार? खणून खणून धरली होती माझी."

"तुझी कंबर एकोणीसशे ब्याऐंशीपासून धरलेलीच आहे, विल्फ."

त्यांना तिथेच सोडून मी चहाच्या टेबलाकडे गेले. आयरीन मोठ्या किटलीतून कप भरत होती. डग जाऊन अकरा वर्षं झाली तरी क्लबचा चहा तिच्याकडेच आहे. तिला पंचाहत्तरावं लागलंय, आणि केसांना मात्र दर आठवड्याला नवा रंग असतो.

"बस गं पोरी. तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का? मघापासून तिसऱ्यांदा दाराशी जाऊन आलीस."

"आयरीन, तू माल्कमला तुझ्या पेन्शनबद्दल काय सांगितलं होतंस?"

"त्याने विचारलं ते सांगितलं." ती खुलली. "मी म्हटलं, दर चार आठवड्यांनी पैसे आले की मी डगच्या फोटोला सांगते, आले बरं का रे. जिवंत होता तेव्हा एक फूल आणलं नाही मेल्याने. आता नेमाने आणतो. मी त्यातूनच केस रंगवून घेते. माल्कमने मला तीन वेळा विचारलं, ती तुझ्या नावावर येते की डगच्या? मी म्हटलं, नाव माझं, पण मला माहिताय ना कुणाची आहे ते. त्यावर डोळे पुसत होता बघ. म्हणाला, धूळ गेली."

"आयरीन, नियम बदललाय."

"कुठला?"

"तोच. दोन हजार सोळापासून. त्याची वाढ मला मिळणार नाही."

किटलीचा नळ तिच्या हातात तसाच उघडा राहिला. मी पुढे होऊन बंद केला.

"म्हणजे माझी बंद होणार?"

"नाही. तुझी तशीच राहील."

"मग त्याची का नाही?"

"तो उशिरा जन्मला."

"हा काय न्याय झाला?" ती कप पुसायला लागली. पुसून झालेला कप पुन्हा पुसला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सांगितलंस त्याला?"

"नाही."

"नकोच सांगू. ऐक माझं. तू कमावतेस, तुझं काय अडतंय? दोन वर्षांनी तो जाईल, देव करो आणि दहांनी जावो, पण जाईल तो हे मनात घेऊन जाईल की बायकोसाठी काहीतरी ठेवलं. पुरुषांना एवढंच पुरतं. तू ते कशाला काढून घेतेस?"

मी बिस्किटांची बशी उचलली. आयरीनचं खोटं नव्हतं. पैशांचाच प्रश्न असता तर मी कदाचित तिचं ऐकलंही असतं.

पण प्रश्न पैशांचा नव्हता, आणि ते मला तिथे चहाच्या टेबलाशी, हातात बिस्किटांची बशी घेऊन उभी असताना कळलं. माल्कम काटकसर करत होता. न मागितलेल्या पेन्शनचा खड्डा आपणच भरायचा, असं त्याने ठरवलं होतं. घरातल्या हीटरची उष्णता तो सतरा अंशांच्या वर जाऊ देत नव्हता. मी वाढवायची, तो भिंतीला धरून जाऊन कमी करायचा. थंड हवेत त्याची छाती आवळते, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. खांद्याला अडकवायचं हलकं ऑक्सिजनचं यंत्र विकत मिळतं. ते असतं तर तो मळ्यापर्यंत स्वतः चालत गेला असता, आम्ही आगगाडीने उत्तरेला त्याच्या बहिणीकडे जाऊन आलो असतो. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "बघू पुढे." मला देण्यासाठी तो श्वास वाचवत होता, आणि ते वाचत नव्हते.

सोमवारी मला सुट्टी असते. सकाळी मी उष्णता वीसवर ठेवली आणि पाव भाजायला गेले. परत आले तेव्हा तो भिंतीशी उभा होता, एक हात भिंतीवर, दुसरा बटणावर.

"माल्कम, ती मला मिळणार नाही," मी म्हटलं.

"काय?"

"तुझ्या पेन्शनची वाढ. तू गेल्यावर ती मला मिळणार नाही. नियम बदललाय. ज्यांचं वय दोन हजार सोळाच्या आधी पूर्ण झालं, त्यांच्याच बायकांना मिळते."

"आयरीनला मिळते."

"डग आधीचा होता."

"विल्फ म्हणाला की—"

"विल्फही आधीचाच आहे."

त्याने हात बटणावरून काढला. "तू नीट वाचलंस?"

पस्तीस वर्षं मी नीट वाचायचाच पगार घेतला होता.

तो वळला आणि मागच्या दाराकडे निघाला. दार उघडलं, उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला, आणि नळी ताणली गेली. रागावून निघून जायला त्याच्याकडे तेवढीच जागा होती. तो तिथेच उंबऱ्यावर माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. अंगणात धुणं वाळत होतं. त्याचे खांदे वरखाली होत होते. रडतोय की धाप लागलीय, हे मला पाठीमागून ओळखता आलं नाही, आणि जवळ जावं की नाही तेही कळेना. मी टेबलाभोवती एक फेरी मारली. मग दुसरी.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्याने पाठ न वळवता विचारलं.

"पत्र आलं त्या दिवसापासून."

"म्हणजे?"

"एकोणीस दिवस."

"एकोणीस दिवस!" आता तो वळला. "आणि मला रोज बिस्किटांचं सांगत होतीस? मी मेलो असतो मधल्या मधे म्हणजे?"

"तर तीन महिन्यांची मिळाली असती. तेवढीच."

"आणि आत्ता मागितली तर?"

"मागचे बारा महिने. त्याआधीच्या सात महिन्यांची वाढ तेवढी राहील. तीन टक्के."

त्याने हिशेब केला. तो लाकडाचे हिशेब करताना करतो तसे ओठ हलत होते. "म्हणजे तुझ्या गप्प बसण्यात आपले तीन आठवडे बुडाले."

"दोन आठवडे, पाच दिवस."

तो हसला. हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेपर्यंत मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. खुर्चीत बसल्यावर त्याने डोळे मिटून घेतले.

"मी दारावर खुणा करत होतो," तो म्हणाला. "वेड्यासारखा. मळ्यावरच्या."

"बघितल्या मी."

"तेही बघितलंस. कमाल आहे तुझी बाई." मग डोळे उघडून, "लाव फोन."

पेन्शन कार्यालयाच्या फोनवर चाळीस मिनिटं एकच धून वाजत राहिली. मी फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता. शेवटी एका मुलीचा आवाज आला. तिचं नाव जोडी होतं.

"मी तुम्हाला माल्कम म्हटलं तर चालेल ना?"

"दुसरं काही म्हणालीस तर मी ओ देणार नाही."

तिने त्याची ओळख पटवायला प्रश्न विचारले. राष्ट्रीय विम्याचा क्रमांक त्याने एका दमात सांगितला, जन्मतारीख सांगितली. मग तिने लग्नाची तारीख विचारली. माल्कमने माझ्याकडे बघितलं. मी बोटं वर केली.

"बायकोला विचारायचं नाही हं, माल्कम."

"तिला कोण विचारतंय! ती उगाच बोटं नाचवतेय इथे." त्याने तारीख सांगितली. बरोबर सांगितली.

"आता सांगा, पेन्शन कधीपासून हवी?"

"आधी मला एक सांग," तो म्हणाला. "मी थांबून जी वाढ मिळवली, ती मी मेल्यावर बायकोला किती मिळेल?"

पलीकडे काही टिकटिक ऐकू आली. "तुमचं वय दोन हजार सोळानंतर पूर्ण झालंय... त्या वाढीतलं काही मिळत नाही, माल्कम."

"काहीच?"

"काहीच नाही. माफ करा."

"तू कशाला माफी मागतेस, पोरी? तू तेव्हा शाळेत असशील." तो थांबला. दोन श्वास घेतले. "मागचे बारा महिने दे. सगळे."

तिने सगळं पुन्हा वाचून दाखवलं. मी वहीत संदर्भ क्रमांक लिहून घेतला. फोन बंद झाला तेव्हा मला वाटलं होतं हलकं वाटेल. वाटलं नाही. मी उठून चहा ठेवायला निघाले.

"बस," तो म्हणाला. "अजून झालेलं नाही. तुझं काय?"

"माझं काय?"

"तू थांबव."

"तूच तर म्हणालास लगेच घे."

"तेव्हा मला वाटत होतं माझी तुला जाणार आहे. आता जाणार नाही. तर मग सरळ आहे. घरात माझी खर्च करू, तुझी साठू दे. ती तुझ्याच नावावर वाढेल, कुणाच्या बापाला बंद करता येणार नाही. आणि ती वाढली कशी? माझ्या पैशांवर घर चाललं म्हणून. म्हणजे माझीच झाली की नाही?"

त्यात चूक नव्हती. मी दोनदा तपासून बघितलं.

"एक वर्ष थांबले तर भरून निघायला मी चौऱ्याऐंशीची होईन," मी म्हटलं.

"तुझी आई ब्याण्णवची होती. शेवटच्या आठवड्यात नर्सशी भांडली."

"मला नको ते."

"का नको?"

"कारण थांबायचं म्हणजे तू नसशील असं धरून चालायचं, माल्कम. सतरा वर्षं. मी ते पाकिटाच्या मागे लिहिलं आणि मला ते बघवेना. आपण दोन्ही घेऊ. ते हलकं यंत्र घेऊ. तुझ्या बहिणीकडे जाऊ."

"ते यंत्र मागच्या बारा महिन्यांच्या पैशांत येतं. बहिणीकडेही जाता येतं, तिचा स्वयंपाक सहन होणार असेल तर. त्याला तुझी लागत नाही." त्याने नळी कानामागे नीट केली. "आणि मी नसणारच आहे, ग्लेंडा. तू धर किंवा नको धरू."

हे आमच्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं. इतके दिवस आम्ही 'पुढे', 'नंतर', 'बघू' असं बोलत होतो. मी उठून खिडकीशी गेले, परत आले, त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसले, पुन्हा उठले.

"एका जागी बस गं. तुझ्याकडे बघून मलाच धाप लागते."

मी बसले. हात टेबलाखाली धरून ठेवले.

"एका अटीवर," मी म्हटलं. "वर्षबिर्ष नाही. एका वेळी नऊ आठवडे. नऊ झाले की आपण दोघांनी बसायचं आणि पुढचे थांबायचं की नाही ते ठरवायचं. दोघांनी. तू हजर पाहिजेस."

"आणि नसलो तर?"

"तर मी त्याच दिवशी मागणी करेन. जेवढी असेल तेवढी घेईन. मग तुझी वाढ तिथेच खुंटली."

"ही धमकी आहे."

"हो."

मी त्याचा श्वास मोजत होते. अशा वेळी मोजायचा नाही असं मी ठरवलं होतं, तरी मोजत होते. मिनिटाला सव्वीस.

"कधी आहे पहिली बैठक?" त्याने विचारलं.

"चौदा नोव्हेंबरपासून नऊ आठवडे. सोळा जानेवारी. शुक्रवार."

"किती वाजता?"

"काय किती वाजता?"

"बैठक गं. हजर राहायचं तर वेळ नको? सकाळी मला कपडे घालायलाच तासभर लागतो."

"अकरा."

त्याने माझ्या समोरची वही ओढून घेतली, कानावरची पेन्सिल काढली आणि संदर्भ क्रमांकाखाली लिहिलं. "त्यानंतरची?"

"वीस मार्च."

"मग?"

"बावीस मे."

तो लिहीत होता. तारखा एकाखाली एक, सरळ. अक्षर पूर्वीपेक्षा जरा कापरं होतं, पण ओळ सुटत नव्हती.

"चोवीस जुलै," मी म्हटलं, आणि थांबले.

पेन्सिल कागदावर टेकलेलीच होती.

"पुढे सांग," तो म्हणाला.